चार खुर्च्यांचं एन्झाइम

लातुरात जीवशास्त्राचे मास्तर चिक्कार. दगड उचलला तर खाली दोन सापडतील, आणि त्यातला एक स्वतःचा क्लास काढायच्या तयारीत असेल. पण चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून ॲलोस्टेरिक एन्झाइम शिकवणारा मी एकटाच. रेणापूरहून जीपमधे लोंबकळत आलेला पालकसुद्धा गेटवर विचारतो, खुर्च्यावाले सर कोणते. माझ्या नावाची कुणाला गरज पडलेली मला तरी आठवत नाही.

पद्धत साधी आहे. चार खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडायच्या, त्यांवर चार पोरं बसवायची आणि कोपरात कोपर अडकवायचं. सगळ्यांनी मुठी छातीशी घट्ट आवळून धरायच्या. हे झालं एन्झाइम. त्याचं काम म्हणजे हातात आलेला खडू घ्यायचा, मोडायचा आणि टाकायचा. आयुष्यभर तेवढंच. आता मी खडू घेऊन पुढं जातो. मूठ आवळलेली, खडू जाणार कसा? मी ढकलतो, पोरगं हसतं, खडू खाली पडतो. मग मी वर्गाला सांगतो की बाबांनो, ॲलोस्टेरिक म्हणजे ह्या एन्झाइमचं तोंड एकीकडं आहे आणि कान दुसरीकडं. तोंडाशी भांडून काही होत नाही. मी मागून जाऊन एकाच्या खांद्यावर बोट ठेवतो. त्यानं खांद्यावर बोट आलं की हात मोकळे सोडायचे, असं आधीच ठरलेलं असतं. त्याचे हात सुटले की कोपरं अडकलेली असल्यामुळं शेजारच्याला ओढ बसते. पहिल्याला सुटायला जड जातं, दुसऱ्याला कमी, आणि चौथा तर आपल्याआपणच मोकळा होतो. चारी हातांत खडू, धडाधड मोडणं सुरू. पुढं पेशीच्या कारखान्यात माल लई झाला की शेवटचा माल उलटा फिरून येतो आणि ह्या पहिल्याच एन्झाइमच्या खांद्यावर बसतो. बस कर म्हणतो. की पुन्हा मुठी आवळल्या.

पोरं हसतात, टाळ्या वाजवतात आणि आयुष्यात विसरत नाहीत. पेपरात ह्यावर प्रश्न येतो नाहीतर येतही नाही. तरी माझा हा तास क्लासचे मालक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, त्यांना जिवापाड आवडतो. त्यांना एन्झाइम कळतं असा माझा आरोप नाही. त्यांना पालक कळतो.

दरवर्षी निकाल लागला की क्लासमधे पालक मेळावा असतो. ज्यांच्या लेकरांचं मेडिकल थोडक्यात हुकलं, ते सगळे येतात. किल्लारीचे येतात, शिरूर अनंतपाळचे येतात, डोक्याला टॉवेल आणि चेहऱ्यावर मयतीची कळा. त्यांच्यासमोर मी खुर्च्या मांडायच्या, आणि चौथ्या पोराच्या हातात खडू गेला की माइक हातात घेऊन म्हणायचं, "पालकहो, तुमचं लेकरू ढ न्हाई. आखडलेलं हाय. त्याच्या बरोब्बर जागेवर बोट ठेवणारा माणूस पाहिजे. आणखी एक वर्ष द्या." हे वाक्य मोठ्या सरांचं. एन्झाइम माझं. दोन्ही मिळून रिपीटरची बॅच भरते.

एका वर्षी त्यात माझ्या घरची भर पडली. माझी एकुलती एक पोरगी आमच्याच क्लासला होती, एकदा रिपीट करून झालं होतं, आणि निकाल लागला तेव्हा पुन्हा थोडक्यात हुकलं. मी घरी आलो तर ती गच्चीवर टाकीत पाणी किती आहे ते बघत होती. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ह्याचा नेम नसतो, त्यामुळं मेडिकल हुको की लागो, टाकी बघावीच लागते. मी म्हणालो, "काही हरकत न्हाई. अजून एक वर्ष." ती टाकीचं झाकण लावत म्हणाली, "पप्पा, मला नांदेडला बायोकेमिस्ट्री करायचंय."

मोठ्या सरांना निकाल माझ्या आधी कळला होता. दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. त्यावर मी हात बांधून उभा, बाजूला माझी पोरगी दहावीच्या फोटोतली, आणि खाली लाल अक्षरात की आमच्या सरांची कन्याही आमच्याच रिपीटर बॅचला, ह्याला म्हणतात विश्वास. मी विचारलं, "सर, पोरीला विचारायचं तरी." ते म्हणाले, "सर, घरात ठरवायचं बापानं. तुम्ही बाप आहात का मतदार?" मला ते वाक्य त्या वेळी पटलं हे मी इथं सांगून टाकतो.

घरात महिनाभर धुमश्चक्री चालली. पण माझ्याशी तोंडानं भांडून जिंकणं कुणाच्या बापाला जमलेलं नाही, मग पोरीला कुठून जमणार? माझा धंदाच तो. समुपदेशनाच्या खोलीत बसून मी शेकडो लेकरांची बोलती बंद केलेली. ती म्हणाली, मला डॉक्टर नाही व्हायचं. मी म्हणालो, प्रत्येक रिपीटर जूनमधे हेच म्हणतो, जुलैत गप होतो. ती म्हणाली, मला हा विषय आवडतो. मी म्हणालो, आवड ही डॉक्टर झाल्यावर करायची गोष्ट आहे. बायको मधे पडली, "अहो, ती काय म्हणते ते ऐकून तरी घ्या." मी म्हणालो, ऐकलं. ऐकूनच उत्तर देतोय.

एका संध्याकाळी मात्र जेवताना माझा पारा चढला. मी म्हणालो, "नांदेडला जाऊन काय करशील? एमेस्सी. मग? मग लातूरला येऊन माझ्यासारख्या खुर्च्या मांडत बसशील?"

बायकोचा हात भाकरीवर तसाच थांबला. पोरगी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही, मला वाटतं नीट बघत होती. मग ताट उचलून आत गेली. त्या दिवसानंतर तिनं एक शब्द काढला नाही. घर एकदम शांत झालं आणि मी बायकोला म्हणालो, "बघ, म्हणलं न्हवतं? जुलैत गप होतात." जिंकलेल्या माणसाला झोप चांगली लागते. मला लागली.

नांदेडच्या कॉलेजात प्रवेशाची शेवटची तारीख शनिवारी होती. आमचा पालक मेळावा रविवारी. आणि शुक्रवारी दुपारी माझी अक्का लातूरच्या स्टँडवर उतरली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नांदेड डेपोला एसटीत कंडक्टर होती, आता रिटायर होऊन तिथंच राहते. आई लवकर गेली, तेव्हापासून माझं शिक्षण, जेवणखाण आणि कान उपटणं ही तिन्ही खाती तिच्याकडं. लोहा-अहमदपूर रस्त्यावर बाजाराच्या दिवशी खच्चून भरलेल्या गाडीत ही बाई मधोमध उभी राहायची आणि कोपरानं साऱ्या तालुक्याला मागं सरकवायची. मागं सरका, आत जागा हाय. जागा असो नसो, लोक सरकायचे. अख्ख्या जगात मी फक्त तिच्यापुढं गप बसतो, आणि ती गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून ती दिसल्याबरोबर मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. पोरीनं हिला बोलावलं, आता ही मला झापणार, हे उघड होतं. तयारी केली. ती म्हणणार पोरीच्या मनासारखं कर, मी म्हणणार अक्का, तुला ह्यातलं कळत न्हाई. ती म्हणणार नांदेडला माझ्याकडं राहील, मी म्हणणार प्रश्न राहण्याचा न्हाई. सगळी उत्तरं जिभेवर आणून ठेवली.

आणि बाईनं विषयच काढला नाही. हातपाय धुतले, बायकोनं केलेली चुरमुऱ्यांची सुशीला वाडगाभर खाल्ली, जरा जास्तच भिजलीय म्हणाली, आणि पंख्याखाली आडवी झाली. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो, वाट बघत. ती घोरायला लागली. उत्तरं जिभेवर आणि प्रश्नच नाही, ह्यासारखा ताप दुसरा नाही.

उन्हं कलल्यावर चहा घेता घेता ती म्हणाली, "तू ते खुर्च्यांचं काहीतरी करत असतोस म्हणं. साऱ्या मुलखाला दाखवलंस. मला कधी दाखवलं न्हाईस."

मी फुललो. खोटं कशाला बोलू. मास्तराला तास घ्या म्हणणं म्हणजे बैलाला पेंड दाखवणं. म्हणालो, चल गच्चीवर. आमच्या घरमालकीण खाली राहतात, त्यांना सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणते. त्यांच्या अंगणातल्या खुर्च्या घेतल्या तर खालाही मागोमाग वर आल्या. "घुटने दुखते मेरे, लेकिन बैठनेकाच है ना मास्टर? मंग बसते."

टाक्यांच्या मधे खुर्च्या मांडल्या. माणसं मोजली तर अक्का, बायको आणि खाला. चौथं कोण? पोरगी म्हणाली, "तुम्ही बसा पप्पा. मी शिकवते."

मला हे सुचायला पाहिजे होतं. वीस-बावीस वर्षं झाली हा तास घेऊन, पण त्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. बसलो. एका बाजूला अक्काचं कोपर, दुसऱ्या बाजूला बायकोचं. पाठीमागं खाला. मुठी छातीशी आवळल्या.

पोरीनं खडू घेतला आणि माझ्यासमोर उभी राहिली. "घ्या पप्पा."

मी मूठ आवळूनच ठेवली. नियमच तो. तिनं खडू बोटांवर टेकवला, जरा ढकलला. खाला मागून म्हणाल्या, "जोर से ढकल ना बेटा."

"ढकलून उपयोग न्हाई खाला," ती म्हणाली. "महिनाभर ढकलून बघितलं."

बायकोला हसू फुटलं. मग खालांना. मला थोडं उशिरा कळलं, म्हणून मी थोडं उशिरा हसलो, आणि ते काही खरं हसू नव्हतं. पोरगी शांतपणे मला वळसा घालून मागं गेली आणि तिनं अक्काच्या खांद्यावर बोट ठेवलं.

आता वर्गातली पोरं हात हळूच सोडतात. अक्कानं जन्मभर गर्दी सरकवलेली. तिनं कोपर असं फाकवलं की मी खुर्चीसकट कलंडलो, बायको माझ्यासोबत, आणि मागं खाला "अल्ला" म्हणून ओरडल्या. माझी मूठ मला न विचारता उघडली. पोरीनं खडू त्यात ठेवला.

"मोडा," ती म्हणाली. मी मोडला. काय करणार?

मी म्हणालो, "हा डाव होता तर."

"डाव न्हाई पप्पा. रेग्युलेशन."

इथपर्यंत मी रागावलो होतो. स्वतःच्याच धड्यात स्वतः सापडायचं, तेही घरमालकिणीसमोर, म्हणजे लाजच. पण तिनं तास तिथं संपवला नाही. खुर्च्या सरळ करायला लावल्या आणि पुढं बोलायला लागली. म्हणाली, ह्या चार खुर्च्या एकदम फिरतात का एकामागून एक, ह्यावरच दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांची एन्झाइमं सापडतात. हे मला माहीत होतं, वर्गात सांगत नाही, कारण पेपरात येत नाही. मग म्हणाली, "आणि काही ठिकाणी तर आकार बदललेला दिसतच न्हाई. खांद्यावर बोट ठेवलं, खुर्ची जागची हलली न्हाई, मूठ होती तशी दिसते. फक्त आतली थरथर बदललेली असते. तेवढ्यानं लांब दुसऱ्या टोकाला काम बदलतं."

हे मला माहीत नव्हतं.

मी तोंड उघडलं ते काहीतरी ठणकावून सांगायला, आणि बाहेर काय आलं तर, "कसं काय?" पहिल्या बाकावरचं पोरगं विचारतं तसं. मागच्या कित्येक वर्षांत मी कुणाला खरा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

ती म्हणाली, "पूर्ण अजून कुणालाच कळलेलं न्हाई, पप्पा. तेच शिकायचंय मला." टाकीला टेकत म्हणाली, "तुम्ही आमच्या अकरावीच्या वर्गात पहिल्यांदा खुर्च्या मांडल्या ना, त्या दिवशीच ठरलं होतं."

मला एकाच वेळी लई अभिमान वाटला आणि लई राग आला, आणि राग नक्की कुणावर ते कळेना. एवढी वर्षं मी हा तास पालकांना गटवायला घेत होतो. पोरं टाळ्या वाजवून डॉक्टर व्हायला निघून जायची, म्हणजे तास गाजला असं मी धरायचो. आणि मागच्या बाकावर बसलेल्या माझ्याच पोरीनं तो खरा धरला होता. तिला माझ्यासारखं व्हायचं होतं. मी त्याला वाया जाणं म्हणत होतो.

अक्का कोपर सोडवून उठली. पदर नीट केला आणि खुर्ची उचलत म्हणाली, "मी तुला एमेस्सी केला, तवा तू वाया गेलास हे मला कुणी सांगितलं न्हाई." तेवढंच. आवाज चढवला नाही, उतरवला नाही. खुर्ची घेऊन जिन्यानं उतरून गेली.

मी मोडलेल्या खडूचे तुकडे हातात घेऊन टाक्यांमधे उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं. गच्चीवर वारा होता, पण वाऱ्यानं आलं नव्हतं.

शनिवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघं नांदेडला गेलो. अक्का खिडकीत, पोरगी मधे, मी कडेला. संध्याकाळपर्यंत प्रवेश झाला. परतीच्या गाडीत मी एकटाच होतो आणि गाडीत जागा भरपूर होती.

रविवारी मोठ्या सरांना आधीच सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "सर, अभिनंदन. पण बॅनर अजून चौकात आहे. आजच्या दिवस काही बोलू नका. उद्या हवं तर पेढे वाटा." मलाही ते बरं वाटलं. पोरीचं काम झालं होतं, आता हॉलभर लोकांना घरच्या भानगडी सांगायची काय गरज?

मेळावा भरला. मी खुर्च्या मांडल्या, पुढच्या रांगेतली चार लेकरं बसवली. खडू, मूठ, खांदा, सगळं झकास झालं. टाळ्या पडल्या. मी माइक घेतला आणि ते नेहमीचं वाक्य म्हणणार, तेवढ्यात शिरूर अनंतपाळकडचे एक गृहस्थ उभे राहिले. चार खुर्च्यांतल्या एकीवर त्यांचीच पोरगी बसलेली होती, अजून कोपरात कोपर अडकलेलं. ते हात जोडून म्हणाले, "सर, बाकीचं ते इन्झाईम आमाला काय कळत न्हाई. तुमची पोरगी ह्याच ब्याचला हाय न्हं? बोर्डावर वाचलं. मंग आमचीबी घाला. तुमी सोताच्या लेकराचं वाईट थोडंच करताव."

होय म्हणायला एक क्षण पुरला असता. मोठे सर पहिल्या रांगेत बसून मान हलवत होते, माझ्या वतीनं. मी म्हणालो, "न्हाई. ती काल नांदेडला गेली. बायोकेमिस्ट्री करायला."

गृहस्थांनी जोडलेले हात खाली घेतले.

"म्हंजी डॉक्टर न्हाई?"

"न्हाई."

"मंग काय होणार?"

"मास्तर होईल माझ्यासारखी," मी म्हणालो. "नाहीतर माझ्यापेक्षा बरी काहीतरी."

गृहस्थ खाली बसले नाहीत. खुर्चीवरच्या आपल्या पोरीकडं वळले. एवढ्या लोकांत, मोठ्यानं, त्यांनी तिला विचारलं, "तुला गं? तुला काय व्हायचंय?"

तेवढ्यात माझ्या खांद्यावर मागून हात पडला. मोठे सर स्टेजवर आले होते. हसऱ्या चेहऱ्यानं, दात न उघडता म्हणाले, "बस करा सर," आणि दुसऱ्या हातानं माइक काढून घेतला. आता मेळाव्यात माझ्या जागी फिजिक्सचे सर बोलतात, ते खुर्च्या मांडत नाहीत, चुंबक दाखवतात, आणि बॅच तरीही भरते.

त्या पोरीनं बापाला काय उत्तर दिलं ते मला त्या दिवशी ऐकू आलं नाही. पण ती बोलत होती, बराच वेळ बोलत होती, आणि तिचा बाप टॉवेल हातात घेऊन ऐकत होता. तिच्या कोपराला कोपर लावून बसलेला शेजारचा पोरगा मान वळवून हॉलमधे कुणालातरी शोधत होता. तिसऱ्या रांगेतून एक बाई, त्याची आई असणार, उठून उभी राहिली.